रानजायफळाच्या दलदलींतील बेडूक

ज्याचें घर बहुतांशीं मोडून गेल्यावर ज्याचें नांव जगाला कळलें, अशा एका बेडकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

केरळांत कोल्लम जिल्ह्यांतील कुळत्तुपुळा परिसरांत सह्याद्रीचे ओहोळ पायथ्याच्या सपाटीवर येऊन मंदावतात आणि कांठीं बारमाही चिखल साचतो. त्या चिखलांत रानजायफळाच्या कुळांतील वृक्ष उभे असतात. तेथील भुईंत हवा नसते. म्हणून कांहींचीं मुळें गुडघ्यासारखीं वांकून वर येतात, तर कांहींचीं खोडापासून टेकूप्रमाणें खालीं उतरतात. १९६० सालीं कृष्णमूर्ति यांनीं त्रावणकोरांतील या दलदलींचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९६८ सालीं चॅम्पियन व सेठ यांनीं भारतीय वनांच्या वर्गीकरणांत त्यांना स्थान दिलें. परंतु शास्त्रज्ञांच्या पूर्वींच शेतकऱ्यानें ही जागा हेरली होती. सपाट तळ आणि वर्षभर पाणी; भाताला याहून चांगली जमीन कोठें मिळणार? झाडें तुटलीं, भात आला, मागून सुपारी व रबर आलें. शेतकऱ्याला दोष देणें मला जड जातें. पोट त्यालाहि आहे. पण आज केरळांत या दलदली सुमारें दीड चौरस किलोमीटरच उरल्या आहेत.

या अवशेषांतच २०१३ सालीं एका नव्या बेडकाचें वर्णन झालें. त्याच्या जातीचें नांव 'मिरिस्टिकापालुस्ट्रिस', म्हणजे जायफळाच्या दलदलींतला. 'मर्क्युराना' हें प्रजातीचें नांव मात्र फ्रेडी मर्क्युरी या गायकाच्या सन्मानार्थ दिलेलें आहे. हा पारशी मुलगा शिकला आपल्या पांचगणीस, म्हणजे याच सह्याद्रीच्या उत्तर भागांत. त्याचें गाणें मला नातवानें एकदां ऐकविलें. बेडकाशीं त्याचा संबंध असेल असें तेव्हां स्वप्नांतहि आलें नसतें!

हा वृक्षबेडकांच्या कुळांतला. त्याचे पुष्कळ भाऊबंद पाण्यावरच्या पानांना फेसाचें घरटें लावतात. याची मादी मात्र दलदलीच्या भुईंत खळगा करून अंडीं घालते. नर पावसाळ्याच्या तोंडींच रात्रीं साद घालूं लागतात. म्हणजे ओल, पालापाचोळा आणि पाऊस यांचा मेळ बसला तरच पुढची पिढी! ओहोळ वळविला किंवा सांवली गेली, कीं तो मेळ तुटला. बरें, दलदल पुन्हां लावूं म्हटलें तर तेंहि सोपें नाहीं, कारण या वृक्षांचें बीं वाळलें कीं मरतें. तें साठवून ठेवतां येत नाहीं.

अशा दलदलींचे तुकडे आपल्याकडेहि वांचले आहेत, ते देवाच्या धाकानें. गोव्यांत सत्तरी तालुक्यांतील निरंकाराची राई आणि सिंधुदुर्गांत दोडामार्ग तालुक्यांतील हेवाळे-बांबर्डे येथील देवराई, या दोन्ही ठिकाणीं रानजायफळ उभें आहे. बांबर्ड्याच्या राईला राज्यशासनानें जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यताहि दिली आहे. आपला हा बेडूक मात्र तेथें नाहीं. त्याला केरळांतील तेवढा चिखलच ठाऊक आहे.