वतनाच्या तुकड्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत

वतनाविरुद्धच्या लढ्याच्या इतिहासात आमच्या सिन्नरला मानाचे स्थान आहे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी येथे वतनदारांच्या परिषदेत वतनी जमिनींवरील वाढीव आकारणीला विरोध केला. रात्रंदिवसाच्या गावकीपोटी मिळालेला जमिनीचा तुकडा माणसाला गावाचा बांधील करतो, हे ओळखूनच त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते.

या लढ्यामागे एक संशोधक उभा होता, याचा आपल्याला विसर पडतो. १९१८ च्या आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, लहान धारणक्षेत्र हे रोगाचे केवळ लक्षण आहे. शेतीवर जगणाऱ्यांची गर्दी आणि भांडवलाचा तुटवडा हा खरा रोग, आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय.

पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली. सिन्नरला मुसळगाव-माळेगावच्या औद्योगिक वसाहतीही आल्या. मग उपाय लागू पडला का?

याचे उत्तर अलीकडच्या संशोधनात सापडते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो फक्त नावांचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाला त्याहून कमी. पुणे विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांचा सहभाग असलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने २०१३ च्या राष्ट्रीय पाहणीवरून संपत्तीची वाटणी मोजली. लोकसंख्येत सुमारे २२ टक्के असलेल्या उच्चवर्णीय हिंदूंकडे ४१ टक्के संपत्ती. अनुसूचित जातींकडे आठ टक्क्यांहूनही कमी!

म्हणजे गावकी सुटली, पण जात कारखान्याच्या फाटकावर आमच्या आधी जाऊन उभी राहिली. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी कुणाच्या दयेवर उभी नाही, ती या पुराव्यावर उभी आहे.

घरात पहिल्यांदा पदवी घेतलेला शिक्षक म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : तहसील कचेरीतले वतनाचे जुने फेरफार काढा, कोणती जमीन कुणाच्या नावावर गेली ते मोजा. आपल्या वेदनेला कविता मिळाली आहे. आता तिला आकडेही मिळाले पाहिजेत.