शाळेचा पैसा कोणाचा?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा शाळेच्या खर्चाचा इतिहास हा विषय मी मागून घेतला. विषय रुक्ष वाटेल खरा. परंतु घरच्या मीठमिरचीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आम्हा बायकांपैकी, लेकरांच्या शाळेचा पैसा कोठून येतो व कोण खर्च करतो, हे कितीजणींना ठाऊक आहे?

हा प्रश्न मराठी मुलखात रोखठोक विचारला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले, की तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गास होतो. सबब निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे.

आपले लोहे त्या इलाख्यात नव्हते. नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडे. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच उपक्रम होता. परंतु ती भाषा उर्दू असल्याने मराठी मुलाला मायबोली मागे ठेवूनच वर चढावे लागे. मुलींची तर गोष्टच नको. तेव्हा लोकांनीच पदरमोड करून शाळा चालविल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशीच १९२१ साली निघाली; पुढे मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. तरी १९५१ च्या खानेसुमारीत देशातील शंभर स्त्रियांपैकी नऊही साक्षर भरल्या नाहीत. माझी आई उरलेल्या नव्वदांतली. माझे नाव शाळेत घातले, त्या कागदावर तिने अंगठाच उमटविला होता.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पाठोपाठ १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जी जिल्हा परिषद माळेगावची खंडोबाची यात्रा भरविते, तीच आपल्या लेकरांची शाळाही चालविते! शाळा जिल्हा परिषदेची असली, तरी गुरुजींच्या पगाराचे अनुदान राज्य सरकारकडून येते. अनुदानित खाजगी संस्थांतही तसेच. त्याच १९६२ साली शिक्षण कराचा कायदा होऊन नगदी पिकांच्या जमिनींवर व शहरांतील इमारतींवर कर बसला. म्हणजे लोकल फंडाचाच हा नवा अवतार म्हणावयाचा.

केंद्राचा हात मागाहून लागला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय केंद्र व राज्य या दोघांचा झाला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाने वर्गखोल्या बांधण्यास पैसा दिला. त्याची जागा २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेने घेतली, आणि तिच्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस असे वाटे आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहावा हिस्सा शिक्षणावर खर्चावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते. तो आकडा देशाने अद्याप गाठलेला नाही.

परंतु भगिनींनो, जे मिळते त्यावर तरी आपली नजर आहे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितले. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदान कसे खर्च होते हे पाहणे, हे तिचे काम. जोतीरावांच्या प्रश्नाचा जाब विचारण्याचा अधिकार अशा रीतीने आपल्या हाती आला आहे.

मात्र एका गावच्या शाळेत मी स्वतः पाहिले, की वहीत तीन भगिनींच्या सह्या होत्या आणि त्या तारखेला सभा झालीच नव्हती. वही घरी आली, त्यांनी सही केली, संपले. माझ्या आईला अक्षर येत नव्हते, म्हणून तिने अंगठा दिला. आपल्याला वाचता येते. मग न वाचता केलेल्या सहीची किंमत अंगठ्याहून अधिक ती काय?

म्हणून मंडळापुढे माझी एवढीच सूचना आहे. आपल्यापैकी ज्या भगिनी अशा समित्यांवर आहेत, त्यांनी वर्षाच्या प्रारंभी शाळेला किती रुपये आले व ते कशावर गेले, हे विचारून घ्यावे आणि आपल्या मासिक बैठकीत वाचून दाखवावे. पैसा आपलाच आहे. हिशेबही आपणच मागावयाचा.