नवेगावचा बांध

इटलीतल्या सरोवरांची चित्रे आपण सगळ्यांनी कधी ना कधी दिनदर्शिकेवर पाहिली आहेत. निळे पाणी, मागे आल्प्सचे डोंगर आणि काठाला कोमोसारखे एखादे जुने शहर. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक याच कोमोचा. आपल्या गावाला त्याने ग्रंथालय दिले आणि सरोवराकाठच्या आपल्या घरांविषयी पत्रांतून हौसेने लिहिले. तिथल्या लोकांना या वैभवाचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ते पाणी तिथे आधी होते. हिमनद्यांनी डोंगर कोरले, खोलगट भागात पाणी साचले आणि माणूस मागाहून काठावर येऊन राहिला.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्यात या. आमगावहून देवरीच्या बाजूने दक्षिणेला निघालात, की जंगल आणि धानाच्या बांध्या ओलांडत तुम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यात पोचता. तिथे नवेगाव आहे. विदर्भात नवेगावे काही थोडी नाहीत. म्हणून या गावाच्या नावापुढे त्याची ओळख जोडली गेली: नवेगाव बांध. इथे सरोवर आहे, डोंगर आहेत, बेट आहे, पक्षी आहेत. फरक इतकाच, की हे सरोवर निसर्गाने दिलेले नाही. ते माणसांनी केले आहे.

ते कोणी केले? जुन्या गॅझेटिअरात आणि लोकांच्या तोंडी एकच नाव आहे, कोलू पाटील कोहळी. काळ अठराव्या शतकाच्या आरंभीचा. नागपुरात अजून भोसल्यांचे राज्य आलेले नव्हते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नुकतीच नागपूर शहराची पायाभरणी केली होती. अशा काळात या कोहळी पाटलाने डोंगरांच्या मधल्या खिंडी हेरल्या आणि त्या मातीच्या बांधांनी बुजवल्या. डोंगरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी थांबले आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा तलाव उभा राहिला.

तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींच्या साहाय्याने कोलू पाटलाने बांध घातला, अशी कथा आहे. कथा म्हणून ती सोडून देऊ नका. तिच्यात स्थापत्याचे मर्म आहे. सात बहिणींनी साहाय्य केले, म्हणजे डोंगरांनी तीन बाजू आयत्या दिल्या. माणसाला फक्त उरलेली भगदाडे बुजवायची होती. कुठे थोडी माती टाकली असता पुष्कळ पाणी अडेल, हे ज्याच्या नजरेला कळले तो खरा इंजिनिअर. पुढे लोकांनी कोलू पाटलाला देव केले. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे तिथेच टेकडीवर आहे. तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचे छोटे बेट आहे. ही या गावाची खरी प्राचीन स्थळे. इथे कोरीव मंदिर किंवा किल्ला शोधत बसाल, तर हाताला काही लागायचे नाही.

इथे आम्हां इतिहास शिकवणाऱ्यांची पंचाईत होते. आमगावजवळचे पदमपूर घ्या. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याला भवभूतीचे पद्मपूर ठरवले. तिथे संस्कृत ग्रंथांचा आधार आहे, वाकाटकांच्या ताम्रपटाचा आधार आहे. कोलू पाटलाला ना कवी मिळाला, ना ताम्रपट. मग त्याचा इतिहास लिहायचा कशावरून? मला वाटते, बांधावरूनच. तीनशे वर्षांच्या आसपास जो बांध पाणी धरून आहे, त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा कोणता हवा?

आणि हा बांध एकटा नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, असे लहानमोठे हजारो तलाव आहेत. त्यांतले मोठे मोठे तलाव कोहळी लोकांनी बांधले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांची ओळखच मुळी तलाव बांधणारे लोक अशी करून दिली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्याला काशीहून आणले, अशी कोहळ्यांची परंपरा त्यांनी नोंदवली आहे. धान आणि ऊस ही कोहळ्यांची आवडती पिके, आणि दोन्ही पाण्याची तहानलेली.

राजांचाही यात वाटा होता. चांद्याच्या हीरशहाविषयी असे सांगतात, की जो जंगल तोडून शेत करील त्याला त्याने सनद दिली आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन दिली. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. राजाने तिजोरीतून पैसा ओतला नाही. श्रम करणाऱ्याला फळ मिळेल एवढी हमी दिली. तेवढ्यावर खोरे पाण्याने भरले.

आता तुम्ही विचाराल, इथे तर पाऊस भरपूर, मग तलाव कशाला? प्रश्न रास्त आहे. पाऊस पुष्कळ पडतो, पण तो आपल्या सोयीने पडत नाही. मृगात पऱ्हे टाकायचे, पुढे चिखलात रोवणी करायची, आणि लोंबी भरण्याच्या वेळी हस्ताने दगा दिला की सगळे मुसळ केरात. त्या एका-दोन पाण्यांवर धान येते किंवा जाते. तलाव हा त्या दिवसांचा ठेवा. तुडूम उघडायचा, म्हणजे बांधातली पाणी सोडण्याची मोरी मोकळी करायची, आणि पाटाने पाणी बांधीत घ्यायचे. एका तलावाच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी खालच्या तलावात जाते, तिथले त्याच्या खालच्यात. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की तळातला गाळ गाड्यांनी शेतात न्यायचा. तलाव खोल होतो, शेताला खत मिळते. ढीवर मासे धरतात, गुरे पाणी पितात, विहिरींना झरे राहतात.

पण हे सगळे चालते कशावर? दरसाल माणसांचे हात लागतात म्हणून. कोमोचे सरोवर कोणी सांभाळले नाही तरी ते उद्या नाहीसे होणार नाही. मातीच्या बांधाचे तसे नाही. घुशी बिळे करतात, झाडांची मुळे भेगा पाडतात, गाळ चढतो. माणसाने केलेले तळे माणसानेच राखावे लागते.

इंग्रजी अमलात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात, मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि तलाव त्यांच्या ताब्यात राहिले. ते दिवस फार गोड होते, असे मी म्हणणार नाही. पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे आणि पाळीवर माती टाकायला कोणाला जावे लागायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तरी एक गोष्ट होती. बांध फुटला तर कोणाच्या दारात जायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. कूळ मालक झाले, फार चांगले झाले. तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदांकडे आले आणि मोठे सरकारी पाटबंधारे खात्याकडे राहिले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक आता त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. नाव जिव्हाळ्याचे खरे. पण मामा कोणाचा, याचे उत्तर देणारा भाचा सापडत नाही. कित्येक तलाव गाळाने भरले. कित्येकांच्या पोटात शेते शिरली.

नवेगावचे भाग्य त्यातल्या त्यात बरे. तलावाभोवतीच्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मारुती चितमपल्ली यांनी इथे वनाधिकारी म्हणून काम केले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून हे पाणी नि हे रान महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे बदक येतात आणि त्यांच्या मागोमाग पाहुणे येतात. पाहुण्यांना वाटते, हे रान अस्पर्श आहे, हे पाणी सृष्टीच्या आरंभापासून असेच आहे. त्यांचा दोष नाही. पाणी इतके मोठे आहे, की त्यामागे टोपल्यांनी वाहिलेली माती असेल हे मनात येत नाही. ते सांगणे आपले काम आहे.

अलीकडे काही गावांत ढिवरांनी, त्यातही बायकांनी, तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम हाती घेतले आहे. माशांना अंडी घालायला जागा मिळते, पक्षी परततात. हे काम कोहळ्यांच्या कामाच्याच जातीचे. त्यासाठी मालगुजार परत यायला नको. गावाने आपला तलाव आपला मानावा आणि सरकारने त्याला तसा हक्क द्यावा, एवढे पुरे. हीरशहाने याहून वेगळे काय केले होते?

तेव्हा वाचकहो, नवेगावला जाल तेव्हा पक्षी जरूर पाहा, मालडोंगरी पाहा. पण त्याआधी बांधावर उभे राहा आणि पायाखालची माती पाहा. ती कोणीतरी तिथे आणून टाकलेली आहे. मग परतल्यावर आपल्या गावच्या बोडीकडे एक फेरी मारा आणि तिचा तुडूम अजून उघडतो का, हे बघून या.