ब्रिटनची वेगवान गाडी आणि रोजचा पासवाला

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनवर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचे लोक हमखास इंग्लंडला मध्ये ओढतात. एक म्हणतो, ज्यांनी जगाला रेल्वे दिली त्यांनाही शेवटी हायस्पीड लाईन बांधावी लागतेच ना? दुसरा म्हणतो, बघा तिथं एचएस-टूचं काय झालं, अर्धी गुंडाळली. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण या भांडणात एक माणूस कायम विसरला जातो. वॉटफर्ड, कॉव्हेंट्री, ॲशफर्ड किंवा बोल्टनहून रोज सकाळी पास खिशात घालून कामावर जाणारा. वेगवान गाडी आली की त्याचा प्रवास सुधारतो का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न आजचा नाही. तिथल्या रेल्वेने त्याची उत्तरं गेल्या शंभर वर्षांत बऱ्याचदा देऊन झाली आहेत, म्हणून जरा मागे जाऊ.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या लाईनवर कामगार आणि कारकुनांची वस्ती वाढत गेली होती आणि गाड्या सगळ्या वाफेच्या. वीज घालायची तर अंदाज होता सुमारे ३० लाख पौंड. कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते. मग त्यांनी काय केलं? रुळांची मांडणी थोडी बदलली, सिग्नल सुधारले, आणि गाडी फलाटाला लागली की दुसऱ्या टोकाला ताजं इंजिन तयार ठेवायची पद्धत बसवली. गाडी आली, रिकामी झाली, भरली, काही मिनिटांत परत सुटली. कुठला डबा कुठल्या वर्गाचा हे शोधण्यात माणसं वेळ घालवू नयेत म्हणून पहिल्या वर्गाच्या डब्यांवर पिवळा पट्टा आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यांवर निळा. जुलै १९२०मध्ये हे सुरू झालं आणि तासाला २४ गाड्या सुटू लागल्या. ऐन गर्दीच्या वेळी क्षमता जवळपास निम्म्याने वाढली. खर्च सुमारे ८० हजार पौंड. त्या रंगीत पट्ट्यांवरून लोकांनी नाव ठेवलं ‘जॅझ’ गाड्या.

गाडीचा वेग यात वाढला नव्हता. इंजिनं तीच, डबेही तेच.

दुसरं उदाहरण ब्रायटनचं. लंडनपासून ८० किलोमीटरवरचं समुद्रकाठचं गाव. १९०८ साली ‘सदर्न बेल’ नावाची वाफेची आलिशान गाडी व्हिक्टोरियाहून ब्रायटनला ६० मिनिटांत जायची. १ जानेवारी १९३३ला सदर्न रेल्वेने या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू केल्या. त्यांना किती वेळ लागायचा? ६० मिनिटं! पंचवीस वर्षं आणि एवढी वीज घालून एका मिनिटाचाही फरक नाही. (आपली व्हीटी-कुर्ला विजेची गाडी १९२५ची, म्हणजे ब्रायटनच्या आधीची, हे जाता जाता.) पण सदर्नचे जनरल मॅनेजर सर हर्बर्ट वॉकर यांनी वेळापत्रक बदललं होतं. दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला, दिवसभर गाडी. वेळापत्रकाचं पुस्तक न बघता स्टेशनवर जावं आणि गाडी मिळावी. ब्रायटन हे सहलीचं गाव होतं, ते आता लंडनला नोकरी करून रोज परत येण्याचंही गाव होत गेलं. एका आलिशान गाडीच्या ६० मिनिटांपेक्षा रोज मिळणाऱ्या साध्या गाडीची ६० मिनिटं लोकांना जास्त उपयोगी पडली.

याचा अर्थ वेगाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. ४ ऑक्टोबर १९७६ला ब्रिटिश रेलने पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साऊथ वेल्सकडे ‘इंटरसिटी १२५’ सुरू केली. डिझेलवर ताशी २०० किलोमीटर. केनेथ ग्रेंज यांनी घडवलेल्या तिच्या उतरत्या नाकाचे चाहते आजही आहेत, मीही आहे. ही गाडी रोजच्या प्रवाशासाठी बनवलेलीच नव्हती. ती मोटारवे आणि विमानाशी स्पर्धा करायला होती. पण लोक हुशार असतात. लंडनपासून १२४ किलोमीटरवरचं स्विंडन एका तासाच्या आत आलं म्हटल्यावर तिथं घर घेऊन लंडनला नोकरी करणारे निघाले. पूर्वेकडच्या मार्गावर पीटरबरोचंही तेच झालं. स्विंडनची गंमत अशी की हे गावच मुळात रेल्वेच्या कारखान्यावर उभं राहिलेलं. १८४३ला सुरू झालेला तो कारखाना १९८६ला बंद पडला. ज्या गावात इंजिनं बनायची, त्या गावाची माणसं आता गाडीत बसून लंडनला कामावर जाऊ लागली.

मग इथं वेगाने पासवाल्याचं भलं केलं आणि कुणाचं वाईटही फारसं झालं नाही, ते कसं? कारण पॅडिंग्टन ते रीडिंग आणि पुढे डिडकॉटपर्यंत चार रूळ आहेत. दोनवरून वेगवान गाड्या, दोनवरून स्टेशन-स्टेशन घेत जाणाऱ्या. कर्जत-कसाऱ्याच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. मागून मेल येतेय म्हणून आपली लोकल बाजूला उभी राहिली की काय होतं ते तुम्ही रोज भोगता. रेल्वेचं गणित इतकं साधं आहे: सगळ्या गाड्या सारख्याच वेगाने धावल्या तर एका रुळावर खूप गाड्या मावतात. त्यात एक सुसाट आणि एक थांबत जाणारी अशी भेसळ केली की सुसाट गाडीच्या पुढे मोठी मोकळी जागा ठेवावी लागते. ती मोकळी जागा म्हणजे कुणाची तरी रद्द झालेली लोकल.

आणि ब्रिटनमध्ये ही भेसळ सगळ्यात वाईट आहे ती वेस्ट कोस्ट मेन लाईनवर. लंडनच्या युस्टनहून निघणारा हा मार्ग रॉबर्ट स्टीफन्सनने बांधला, बर्मिंगहॅमपर्यंत १८३८ला पूर्ण झाला. (बोरीबंदर-ठाणे मार्गाचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली याच स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेले.) या मार्गावरून ग्लासगो, मँचेस्टर, लिव्हरपूलच्या वेगवान गाड्या जातात, मालगाड्या जातात, आणि वॉटफर्ड, मिल्टन कीन्स, नॉर्थहॅम्प्टनचे पासवालेही जातात. रग्बी ते कॉव्हेंट्री ते बर्मिंगहॅम या पट्ट्यात तर रूळ दोनच. टाईल हिल, मार्स्टन ग्रीन अशा छोट्या स्टेशनांची गाडी आणि लंडनची एक्स्प्रेस एकाच रुळावर एकमेकींच्या मागे. २००८ला संपलेल्या नूतनीकरणावर सुमारे ९ अब्ज पौंड खर्च झाले, वळणावर झुकणाऱ्या पेंडोलिनो गाड्या आल्या, लंडन-मँचेस्टर झकास झालं. पण गर्दीच्या वेळी यातल्या कितीतरी गाड्या मिल्टन कीन्सला न थांबता निघून जातात. फलाटावरच्या माणसाला वेगवान गाडी मिळते ती फक्त बघायला.

आता केंटकडे वळू, कारण ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने हायस्पीड लाईनवरून रोजचे प्रवासी नेण्याचा प्रयोग एकाच ठिकाणी झालाय. चॅनल टनेलला लंडनशी जोडणारी एचएस-वन ही १०९ किलोमीटरची लाईन २००७ला सेंट पँक्रसपर्यंत पूर्ण झाली. ती बांधली पॅरिसच्या गाड्यांसाठी. पण डिसेंबर २००९पासून तिच्यावर जपानच्या हिताचीने बनवलेल्या ‘जॅव्हलिन’ गाड्या धावू लागल्या, ताशी २२५ किलोमीटर, नेहमीचे पासवाले घेऊन. ॲशफर्डहून लंडनला जायला सव्वा तासाच्या वर लागायचा, तो ३७-३८ मिनिटांवर आला. केंटच्या पूर्व भागातल्या माणसाचं आयुष्य यामुळे बदललं, यात वादच नाही. मुलांना शाळेत सोडून मग गाडी पकडता येणं ही काही छोटी गोष्ट नाही.

पण बिल कुणी भरलं? जॅव्हलिनच्या तिकिटावर ज्यादा आकार आहेच, ते एकवेळ समजू शकतं. खरी मेख वेगळी होती. त्या वर्षांत देशात इतरत्र नियंत्रित भाडी महागाई दर अधिक १ टक्का या हिशोबाने वाढत होती. साऊथईस्टर्नच्या भागात मात्र अधिक ३ टक्के, आणि कारण दिलं होतं गुंतवणूक, त्यात ही हायस्पीड सेवाही. म्हणजे ऑर्पिंग्टन किंवा डार्टफर्डच्या जुन्या गाडीत दारापाशी उभा राहणारा माणूसही, जो जॅव्हलिनमध्ये आयुष्यात बसणार नाही, तो दरवर्षी तिच्यासाठी पैसे मोजत होता. शिवाय जॅव्हलिन सोडते सेंट पँक्रसला. ज्याची कचेरी कॅनन स्ट्रीटच्या शेजारी आहे त्याने वाचवलेल्या मिनिटांतली कितीतरी पुढच्या मेट्रोत जातात. ॲशफर्ड आणि एब्सफ्लीटला थांबणारी युरोस्टार २०२०मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही. ज्या आंतरराष्ट्रीय गाडीसाठी लाईन बांधली ती केंटला थांबत नाही, आणि जिला जोडीला घेतलं ती पासवाल्यांची गाडी तिथं खरी उपयोगाची ठरली आहे.

एवढी पार्श्वभूमी असताना एचएस-टू आली. २००९मध्ये कंपनी स्थापन झाली, मार्च २०१०मध्ये अँड्र्यू अडोनिस यांनी योजना मांडली. लंडन ते बर्मिंगहॅम सुमारे २२५ किलोमीटर, पुढे दोन फांद्या, एक मँचेस्टरला आणि एक लीड्सला. वेग ताशी ३६० किलोमीटरपर्यंत, बर्मिंगहॅम ८०-८२ मिनिटांऐवजी ४९ मिनिटांत. आणि इथंच, माझ्या मते, पहिली चूक झाली. योजना विकली ती वेगावर. फायद्याच्या हिशोबात साहेबलोकांचा वाचलेला वेळ मोठा, आणि गाडीत घालवलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ असं गृहीत धरलेलं. लोकांनी विचारलं, लॅपटॉप उघडून सगळे काम करतात, अर्धा तास लवकर पोचून काय मोठं होणार आहे? प्रश्न बरोबरच होता.

खरं कारण वेगळं होतं आणि ते नावातच नव्हतं. लांब पल्ल्याच्या सुसाट गाड्या जुन्या वेस्ट कोस्ट लाईनवरून उचलून नव्या रुळांवर न्यायच्या, म्हणजे जुन्या रुळांवरची भेसळ संपेल. मिल्टन कीन्सला जास्त गाड्या थांबतील, कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅम पट्ट्यातल्या छोट्या स्टेशनांना नियमित गाडी मिळेल, मालगाड्यांना वाट मिळेल. एचएस-टूचा सगळ्यात मोठा लाभार्थी तिच्यात कधीच न बसणारा प्रवासी होता. मंत्री नंतर क्षमतेबद्दल बोलायला लागले, पण तोवर बकिंगहॅमशरच्या टेकड्यांतल्या गावकऱ्यांपासून अर्थखात्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ‘श्रीमंतांची बुलेट ट्रेन’ पक्की बसली होती. खर्चही भरमसाट वाढत गेला आणि तो राग रास्तच होता.

नोव्हेंबर २०२१मध्ये लीड्सची फांदी छाटली. ४ ऑक्टोबर २०२३ला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मँचेस्टरचीही छाटली, आणि ते जाहीर केलं चक्क मँचेस्टरमध्ये, पक्षाच्या अधिवेशनात, एकेकाळी रेल्वे स्टेशन असलेल्या सभागृहात. वाचलेल्या पैशांतले ८.३ अब्ज पौंड रस्त्यांच्या डागडुजीला. खड्ड्यांचं राजकारण फक्त आपल्याकडे नसतं.

याचा परिणाम नीट बघा. आता नवी लाईन स्टॅफर्डशरमध्ये हँडसेकरपाशी जुन्या मार्गाला येऊन मिळणार. पुढचं शगबरोच्या बोगद्यातलं दोन रुळांचं अडचणीचं ठिकाण तसंच राहणार. एचएस-टूच्या गाड्या झुकत नाहीत, त्यामुळे जुन्या वळणांवर त्या पेंडोलिनोपेक्षा हळू जाव्या लागतील. आणि त्यांची लांबी २०० मीटर, तर आजच्या ११ डब्यांच्या पेंडोलिनोची २६५. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जुलै २०२४मध्ये लिहून ठेवलं की आहे त्या आराखड्यात बर्मिंगहॅम-मँचेस्टर दरम्यान आजच्यापेक्षा कमी जागा मिळू शकतात. अब्जावधी पौंड घालून कमी जागा!

उत्तरेकडचा माणूस हे सगळं कुठून बघत होता? पेसरमधून. पेसर म्हणजे १९८०च्या दशकात बसचा सांगाडा चार चाकांच्या रेल्वे चौकटीवर बसवून केलेली गाडी. तात्पुरती म्हणून आणली, नॉर्दर्नच्या मार्गांवरून २०२०-२१च्या सुमारास गेली. मे २०१८मध्ये तर बोल्टन मार्गाच्या विद्युतीकरणाला उशीर झाल्याने वेळापत्रक शेवटच्या क्षणी नव्याने लिहावं लागलं आणि मँचेस्टरच्या आसपासची सेवा कोलमडली. जूनमध्ये नॉर्दर्नने तात्पुरतं वेळापत्रक आणून रोजच्या १६५ गाड्याच काढून टाकल्या. लोक नोकरीवर उशिरा पोचून बॉसच्या शिव्या खात होते, आणि टीव्हीवर चर्चा ताशी ३६० किलोमीटरची.

लंडनच्या प्रवाशाला मात्र २४ मे २०२२ला एलिझाबेथ लाईन मिळाली. साडेतीन वर्षं उशीर, सुमारे १९ अब्ज पौंड खर्च, आणि कमाल वेग ताशी १४५ किलोमीटर, म्हणजे १९७६च्या डिझेल गाडीपेक्षाही कमी. पण गाडीत १,५०० माणसं मावतात आणि मधल्या बोगद्यात दर काही मिनिटांनी गाडी येते. वर्षाला २० कोटींहून जास्त प्रवास तिच्यावर होतात.

जून २०२५मध्ये वाहतूकमंत्री हायडी अलेक्झांडर यांनी संसदेत सांगितलं की २०३३ची मुदत पाळणं आता शक्य नाही. एचएस-टू जेव्हा केव्हा सुरू होईल तेव्हा आधी ती युस्टनपर्यंत जाणारच नाही. पश्चिम लंडनमधल्या ओल्ड ओक कॉमनला सगळे उतरणार, बॅगा घेऊन जिना गाठणार, आणि शहरात कामावर पोचायला तीच एलिझाबेथ लाईन पकडणार. त्या फलाटावर तेव्हा रीडिंग आणि स्लाऊचे पासवाले आधीच भरलेल्या गाडीत उभे असतील.