यशोधराचा कोंबडा आणि चीनचा राजा



दिवाळीनंतर मुलीकडे सिंगापूरला महिनाभर राहून आले. तिथे तिने मला हौसेने एका चिनी शाकाहारी हॉटेलात नेलं. चिनी बौद्धांचं जेवण, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. मी मनातून खूश. आणि टेबलावर आला मासा! सोयाबीनचा केलेला, वर समुद्री शेवाळाची काळी साल, शेपटीसकट. मुलगी म्हणाली, "आई, यात जीव नाही गं." मला घास उतरेना. भात आणि भाजी खाऊन उठले. ती काही बोलली नाही, पण हिरमुसली.

तुम्हाला कारण सांगायला नको. लहानपणी दिवाळीत शेजारून साखरेचे हत्ती-घोडे यायचे. आजी ते आम्हाला खाऊ द्यायची नाही. "यशोधराचं काय झालं आठवतंय ना?" एवढंच म्हणायची. पण चिनी लोकांनी हे सोंग मुळात घेतलं कशाला, हे मला कळेना. परत आल्यावर नातवाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं, वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. वाचता वाचता एक राजाच भेटला.

त्याचं नाव वू, लिआंग घराण्याचा. इ.स. ५०२ ते ५४९ इतकी वर्षं त्याने दक्षिण चीनवर राज्य केलं, राजधानी आजच्या नानजिंगच्या जागी. बुद्धाचा भक्त. भिक्षूंनी मांस आणि मद्य सोडलंच पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. चिनी भिक्षू आजही शाकाहारी असतात, त्यात या राजाचा वाटा मोठा आहे. पण खरी कसोटी पूर्वजांच्या देवळात होती. चीनमध्ये पूर्वजांना बळी देणं हा राजाचा पहिला धर्म. बैल, मेंढ्या, डुकरं. राजाने ५१७ साली हुकूम काढला की यापुढे बळीची जनावरं पिठाची करायची. दरबारात गदारोळ झाला. पूर्वजांना रक्ताचा नैवेद्य मिळाला नाही तर राज्याचं काय होणार, असं मंत्री म्हणू लागले. राजाने ऐकलं नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात सुकवलेलं मांसही बंद करून देवळात भाज्या आणि फळं सुरू केली.

एका माणसाच्या हुकमाने किती मुके जीव वाचले असतील! मी वाचताना हात जोडले.

मग आजी आठवली. आपल्या यशोधर राजानेही हेच केलं होतं ना? उज्जैनचा राजा. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. तो नाही म्हणाला. शेवटी मायलेकरांत तडजोड झाली आणि पिठाचा कोंबडा केला, त्याच्यावर तलवार चालवली. जीव एकही गेला नाही. तरी मायलेकरं पुढच्या जन्मात मोर आणि कुत्रा झाली आणि जन्मामागून जन्म मारली गेली. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ ला, ही कथा 'यशस्तिलक' मध्ये लिहिली. कथा त्याहूनही जुनी. द्रव्यहिंसा झाली नाही, पण भावहिंसा झाली. मी बी.कॉम. झालेली, मला ते असं समजतं: पैसे अजून हातातून गेले नसले तरी देणं लागलं की वहीत नोंद करावीच लागते.

म्हणजे एकाच पिठाला चीनमध्ये दया म्हटलं आणि आपल्याकडे पाप. पण चिनी लोकांना आपला मुद्दा कळत नव्हता, असं अजिबात नाही. फार पूर्वी तिथे राजाबरोबर जिवंत माणसं पुरत. पुढे त्यांच्या जागी माती-लाकडाची माणसं आली. १९७४ साली शिआनजवळ विहीर खणताना जे मातीचं सैन्य सापडलं, ते त्याच प्रथेतलं. पण त्या सैन्याच्याही आधी होऊन गेलेल्या कन्फ्यूशियसला अशा बाहुल्यांची चीड होती, असं मेन्शियसच्या ग्रंथात आहे. कारण काय, तर त्या माणसासारख्या दिसतात. म्हणजे पुरणाऱ्याच्या मनात माणूसच असतो. माझी आजी वेगळं काय म्हणायची?

मात्र हाच कन्फ्यूशियस मेंढीच्या बाबतीत वेगळा. शिष्य म्हणाला, अमावास्येच्या विधीतली मेंढी बंद करू या. गुरू म्हणाले, तुझं प्रेम मेंढीवर, माझं विधीवर. आणि मेन्शियसने तर सज्जनाने स्वयंपाकघरापासून लांब राहावं असं सांगितलं, म्हणजे जनावराचा आक्रोश कानी पडणार नाही. यावर मी काय बोलू! लांब राहायला आपल्याला कुणी दिलंय?

वू राजाबद्दलची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्याच वर्षी त्याने सरकारी विणकरांना कापडावर पशुपक्षी विणायला मनाई केली. कपडे शिवताना त्या चित्रांवर कात्री चालते, ते दयेला धरून नाही म्हणून. आमच्या गुजराती शेजारणी भाजी 'कापत' नाहीत, 'सुधारतात', तसंच हे. कापडावरचा पक्षी कापताना ज्याचा जीव कळवळला, त्याने पिठाचा बैल कसा चालवून घेतला? मला वाटतं, त्याला ती पहिली पायरी ठेवायची होती. एकदम फळं मांडली असती तर दरबाराने उचलून फेकली असती. यशोधर जिथे उभा होता तिथून पीठ ही खाली उतरायची पायरी होती, वू जिथे होता तिथून वर चढायची.

राजाचा शेवट वाईट झाला. बंडखोरांनी राजधानी घेतली आणि ५४९ मध्ये, वयाची ऐंशी उलटलेली असताना, तो कैदेत उपासमारीने गेला. बळी बंद केल्याचं हे फळ, असं टीकाकार पुढे म्हणत राहिले. यशोधराच्या पिठाला पाप लागलं आणि याच्याही. माझं मन मात्र त्याला दोषी धरायला तयार नाही.

मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं. हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक चिनी आजोबा तोच मासा खात होते, ते आता आठवतात. कदाचित त्यांनी खरा मासा सोडला असेल, या खोट्याच्या आधाराने. मुलगी म्हणाली, "मग पुढच्या वेळी खाशील?" मी नाही म्हटलं. ती हसली. नातवासाठी आणलेल्या हत्तीच्या आकाराच्या बिस्किटांचा पुडा अजून फडताळात आहे. त्याला द्यायचा की नाही, हे काही माझं ठरलेलं नाही.