ट्रम्पेटचा कागद कुणी लिहिला?

अमेरिकेत बिग बँडमध्ये वाजवायला कॉलेजात शिकवतात. आपल्याकडे त्याचा पाया गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी घातला. पोर्तुगीज काळात तिथली मुलं सोल्फेज आणि व्हायोलिन शिकत, कागदावरचं संगीत वाचत. मग पोटापाण्यासाठी मुंबई. बोटीने येणारे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगडच्या किनाऱ्यावरून पुढे जात.

1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. नंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्याच्या बँडमध्ये गोव्याचे फ्रँक फर्नांड होते. नोटेशन वाचता येत होतंच. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं, ते शेजारी बसून, ऐकूनच शिकावं लागलं.

आल्दोन्याच्या चिक चॉकलेट यांनी ते ट्रम्पेटवर साधलं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) तो स्विंग ऐकू येतो. हिंदी सिनेमात संगीतकार चाल द्यायचा. प्रत्येक वाद्याचा कागद बहुधा एखादा गोवेकर लिहायचा. श्रेयनामावलीत तो ‘सहाय्यक’ असायचा, नाहीतर नसायचाच.

रायगडच्या किनाऱ्यावर लग्नात आजही ब्रास बँड जुनी गाणी वाजवतो. चाल कुणाची, हे वरातीतले बरेच जण सांगतील. मधला ट्रम्पेटचा तुकडा कुणाचा, हेही एकदा विचारून बघा.