ब्लू ग्रास बॉइज
बिल मन्रो (१९११–१९९६) यांचा वाद्यवृंद. ब्लूग्रास या संगीतशैलीला तिचे नाव मिळाले ते याच्यावरूनच. केंटकीतल्या रोझीनचे मन्रो मँडोलिनकडे वळले, कारण थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतली होती. लय त्यांनी उचलली मामा पेन व्हँडिव्हर यांच्या फिडलवरून, आणि ब्लूज आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून. हे दुसरे ऋण विसरून ब्लूग्रासला निव्वळ गोऱ्यांचे संगीत म्हणणे अन्यायाचे आहे.

डिसेंबर १९४५मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज या वाद्यवृंदात आले. तीन बोटांनी बँजो वाजवण्याची रीत नॉर्थ कॅरोलायनात आधीपासून होती. त्यांनी तिला विलक्षण वेग आणि सफाई दिली. वाद्यवृंदातले गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट टेनेसीचे, फिडलवादक चबी वाइज फ्लोरिडाचे. १९४८मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी बाहेर पडून स्वतःचा वाद्यवृंद उभारला.